लिलावातल्या जुन्या वस्तू : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात जुने वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहायला लागली, तशी माळ्यावरची चीजवस्तू बाहेर पडायला लागली. घंगाळं, हंडे, लढाईचे बिल्ले, गाठोड्यात बांधलेले मोडी कागद, राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेले) रुपये, रविवर्म्याच्या तसबिरी. यातलं बरंचसं भंगारात तोलून गेलं. थोडं जाणत्या माणसांच्या हाती लागलं आणि मुंबई-बेंगळुरूच्या लिलावांत पोहोचलं. तिथे आपणही बोली लावावी किंवा घरातलं काही विकायला पाठवावं असं अनेकांना वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. त्यांच्यासाठी हा लेख. आधी घेण्याबद्दल, मग विकण्याबद्दल.

जुन्या वस्तूची किंमत तिच्या वयापेक्षा तिच्या माहितीवर ठरते. ती कुठली, कोणाच्या घरातली, सोबत कुठला कागद आहे, हे सांगता आलं की तीच वस्तू वेगळ्या रांगेत जाऊन बसते. सीमाभागातल्या माणसाला इथे मोठी सोय आहे. आपण घरात मराठी बोलतो, बाजारात कानडी वाचतो, आणि पणजोबांचे मोडी कागद वाचून देणारं कोणीतरी ओळखीत निघतं. या भागावर आदिलशाही होती, मग मोगल आले, मराठे आले. शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं होतं. जमखंडी, रामदुर्ग, कुरुंदवाड ही संस्थानं आसपासच होती, कित्तूरची देसगत होती, १८१८ नंतर इंग्रजांचा कॅम्प आला आणि घाट उतरला की पोर्तुगीजांचा गोवा. या सगळ्यांची नाणी, कागद, भांडी आपल्या गावांतून फिरली. मुंबईत बसून कॅटलॉग लिहिणाऱ्याला शहापूर सांगली संस्थानात होतं हे माहीत असेलच असं नाही. तुम्हाला ते माहीत असतं. म्हणून सुरुवात आपल्या मुलखापासून करा.

आधी विषय ठरवा

सगळंच आवडतं म्हणून सगळंच घेत सुटलात तर पैसा जातो आणि जाण येत नाही. एक विषय धरा आणि निदान वर्षभर त्यातलंच पाहा, वाचा, हाताळा.

नाणी हा सगळ्यांत सोपा विषय, कारण ती लहान असतात, वजन करता येतात आणि त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. साधी शिवराई आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं कडं. अक्षरांच्या वळणांत इतके प्रकार आहेत की तेवढ्यावरच लोक आयुष्यभर संग्रह करतात. आपल्याकडे पोर्तुगीज हिंदुस्थानचे रुपये आणि टांगा नावाची नाणीही सापडतात. खानापूर आणि कारवारकडच्या घरांत तर हमखास. आणखी खोलात जायचं असेल तर नाण्यांच्या पुस्तकांत ‘अझमनगर गोकाक’ या टांकसाळीचा रुपया शोधा. बेळगाव मोगलांकडे गेल्यावर त्याचं नाव अझमनगर झालं होतं.

संस्थानांचे कोर्ट फी स्टॅम्प आणि मुद्रांकाचे कागद हा दुसरा विषय. सांगली, जमखंडी, सावंतवाडी या संस्थानांचे छापील कागद आपल्याकडच्या जुन्या खटल्यांच्या दप्तरांत अजून निघतात. पण अशा गाठोड्यातला एकही कागद वाचून घेतल्याशिवाय विकू नका. इनाम, वतन, वाटणी यांच्या नोंदी त्यात असतात आणि त्यावरून आजही दावे चालतात. प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मोडी जाणणाऱ्याकडून मजकूर समजून घ्या, मग ठरवा. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी केली की मोडी वाचकांपर्यंत पोहोचता येतं.

तिसरा विषय माझ्या मते खास आपला आहे : लढाईचे बिल्ले. १९२२ साली जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, आणि त्या रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आहे. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. त्या शिपायांच्या घरांत चांदीचं एक गोल पदक असतं. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नग्न पुरुष. हे ब्रिटिश वॉर मेडल. ते हातात घेतलंत तर चेहऱ्याकडे नंतर पाहा, आधी काठ पाहा. काठावर बारीक इंग्रजी ठशात शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटणीचं संक्षिप्त नाव असतं. सराफाकडे या पदकाला तीसेक ग्रॅम चांदीची किंमत येते. लिलावात मात्र त्या काठावरच्या ओळीला भाव येतो, कारण त्या ओळीवरून तो माणूस शोधता येतो. म्हणूनच काही लबाड लोक काठ घासून जुनं नाव पुसतात आणि जास्त मागणी असलेल्या पलटणीचं नाव ठोकतात. घासलेला काठ बोटाला किंचित आत गेलेला लागतो, आणि व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) व्यास मोजला तर एका दिशेला कमी भरतो. पदक, ते पूर्वी कुणाच्या ताब्यात होतं याची नोंद, आणि सैनिकाच्या पेन्शनचं पुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद असं सगळं एकत्र असेल तर तो संच कधीही फोडू नका.

घेण्याआधी कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका, कारण इथे चूक झाली तर पैशाचा नाही, पोलीस केसचा प्रश्न येतो.

१९७२ चा पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, नाणं, चित्र, शिलालेख, हस्तकलेची वस्तू ही पुरावस्तू ठरते. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशी वस्तू देशात बाळगता येते, विकतही घेता येते, पण खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला आजीचा शंभर वर्षांचा पितळी देव कुरिअरने पाठवणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. दगड, धातू, हस्तिदंत यांच्या जुन्या मूर्ती, रंगचित्रं, सचित्र पोथ्या, लाकडी कोरीव मूर्ती यांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद असावी लागते आणि मालकी बदलली की तेही कळवावं लागतं. नाण्यांना ही नोंदणी लागत नाही. आपल्या भागासाठी सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय धारवाडला आहे. पुरावस्तूंचा धंदा करायचा असेल तर परवाना लागतो. म्हणून विक्रेत्याला आधी तो विचारा.

शेतात नांगरताना किंवा पाया खणताना काही सापडलं तर ते ‘माझ्या जमिनीत सापडलं म्हणून माझं’ होत नाही. निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, १८७८ चा कायदा आहे, कर्नाटकाचा स्वतःचा १९६२ चा कायदाही आहे. सापडलेलं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हंडाभर नाण्यांपैकी चार आणून ‘शेतात मिळाली’ म्हणत कोणी विकायला आला तर एकही घेऊ नका. वीरगळ, सतीशिळा, देवळाबाहेर पडलेली भंगलेली मूर्ती यांनाही हात लावू नका. हलशी आणि देगावसारखी कदंबांच्या काळाची देवळं असलेला हा मुलूख आहे. गावच्या बांधावरचा दगड गावाचाच राहू द्या.

वन्यजीव संरक्षण कायदा तर याहून कडक आहे. खानापूरकडच्या जुन्या घरांत भिंतीवर सांबराची शिंगं असतात, लहान मुलांच्या गळ्यात घालायची सोन्यात मढवलेली वाघनखं असतात, हस्तिदंताचे फासे आणि फण्या असतात. आजोबांनी कायदेशीर परवाना घेऊन शिकार केली असली तरी यातलं काहीही विकता येत नाही, लिलावातही नाही. घरी सापडलं तर वन खात्याकडे जाऊन विचारा. ठासणीची बंदूक असेल तर घेण्याआधी आणि विकण्याआधी पोलीस ठाण्यात तिची स्थिती लेखी विचारून घ्या.

हात आणि डोळा तयार करा

पहिली हत्यारं साधी आहेत. ग्रॅमची दोन दशांश स्थळं दाखवणारा छोटा काटा, दहापट भिंग, व्हर्नियर, चुंबक. दोन हजार रुपयांच्या आसपास सगळं येतं.

राणीछाप रुपयावर सराव करा. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया एक जुना तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असे. (आज सराफ म्हणतात तो तोळा १० ग्रॅमचा, गोंधळ करू नका.) झिजलेला रुपया थोडा कमी भरतो, पण साडेदहावर आला किंवा बारावर गेला तर संशय घ्या. चुंबकाला तो चिकटत नाही. आता भिंगातून काठ पाहा. टांकसाळीत ठशांनी ठोकलेल्या नाण्याच्या काठावरच्या रेघा एकसारख्या आणि तीक्ष्ण असतात. साच्यात ओतलेल्या नकलेच्या काठावर मधोमध जोड दिसतो, किंवा तो घासून काढल्याच्या खुणा. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले, तर धातू ओतताना अडकलेल्या हवेचे ते असतात. हे एकदा दिसलं की पुढे कुठल्याही नाण्यावर लगेच दिसतं.

सनही पाहायला शिका. १८६२ हे वर्ष असलेले रुपये पुढे अनेक वर्षं त्याच सनानं पाडले गेले, त्यामुळे १८६२ पाहून हरखून जाऊ नका. १८७७ पासून राणीच्या नावापुढे ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ आलं. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं, म्हणून १९११ च्या रुपयाला संग्राहक वेगळं मानतात. सहाव्या जॉर्जचा १९३९ सनाचा रुपया दुर्मीळ, तर १९४० ते १९४५ चे रुपये निम्म्या चांदीचे. १९४७ चा, वाघाचं चित्र असलेला, निकेलचा.

बाजारात सगळ्यांत जास्त फसवणूक होते ती रामदरबार, हनुमान किंवा लक्ष्मीचं चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ अशी अक्षरं असलेल्या तांब्याच्या नाण्यांत. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ते नंतरच्या काळातले टोकन आहेत. देवघरात ठेवा, पण त्यासाठी हजारो रुपये देऊ नका. शिवराईच्या नकलाही बऱ्याच आहेत. अस्सल तांब्याचा काळपट-हिरवा थर धातूत मुरलेला असतो. नकली थर अनेकदा गरम साबणाच्या पाण्यात सुटतो. शिवकालीन सोन्याचा होन कोणी गावातल्या बाजारात दाखवला, तर तो खरा असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

तसबिरींचं वेगळं. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछपाईचा कारखाना काढला. त्या छपाईच्या लक्ष्मी, सरस्वती, दमयंती अजून आपल्या माजघरांत आहेत, काहींच्या साड्यांवर जरी आणि टिकल्या चिकटवलेल्या. भिंगातून चेहऱ्याचा भाग पाहा. शिळाछापाचे ठिपके अनियमित, हातानं टिपलेले दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठराविक जाळीत, फुलाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले दिसतात. फ्रेम जुनी आणि चित्र नवं, हा प्रकार सर्रास चालतो. म्हणून चौकट मागून उघडून कागद पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

चकचकीत पितळी कर्णा आणि अष्टकोनी लाकडी पेटीचा ग्रामोफोन दिसला की तो बहुधा हल्लीच जुळवलेला असतो. आपल्या घरांत वापरले गेले ते बहुतेक झाकण लावून उचलून नेता येणारे पेटीचे. एचएमटीच्या घड्याळांतही तसंच. डायल नव्यानं रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून विकली जातात. डायलचा रंग नवा आणि काट्यांचा जुना, अशी विसंगती शोधा.

लिलाव कुठे असतात

नाणी, नोटा, पदकं यांचे मोठे लिलाव मुंबईत टोडीवाला आणि ओसवाल, बेंगळुरूत मरुधर आर्ट्स, अहमदाबादेत क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी ही मंडळी घेतात. चित्रं आणि कलावस्तूंसाठी मुंबईत सॅफ्रनआर्ट, पुंडोल्स. त्यांचे कॅटलॉग संकेतस्थळांवर मिळतात. बोली लावण्याआधी काही महिने फक्त झालेल्या विक्रीचे आकडे पाहत राहा. अंदाजे किंमत किती दिली होती, प्रत्यक्षात कितीला गेलं, कुठल्या अवस्थेचं होतं, हे वहीत लिहा. दुकानदाराच्या तोंडी भावापेक्षा ही वही जास्त खरं सांगते.

आपल्याकडे वेगळ्या प्रकारचे लिलावही होतात. सोनेतारण कर्ज थकलं की बँका आणि वित्त कंपन्या दागिन्यांचा लिलाव करतात. वित्त कंपन्यांना त्याची जाहिरात दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते, त्यांतलं एक प्रादेशिक भाषेतलं. बेळगावात ती कानडी पेपरातही येते, म्हणून मराठी पेपर पाहून थांबू नका, ‘हराजु’ (लिलाव) असं शीर्षक दिसलं की वाचा. या लिलावात पुतळ्यांची माळ, ठुशी, बोरमाळ असे जुने घाट वजनावर जातात, कारण तिथे सराफ मंडळी वितळवायच्या हिशेबानेच बोलतात. जुन्या घडणीची पारख असेल तर इथे संधी आहे. फक्त बोरमाळेचे मणी आतून लाखेने भरलेले असतात हे विसरू नका. वजनात लाख धरली आहे की वजा केली आहे, ते आधी विचारा. शुद्धता कोणी तपासली आणि त्याचा कागद आहे का, तेही.

वाडा पाडायचं कंत्राट दिलं जातं तेव्हा खांब, तुळया, दरवाजे, कड्या-कोयंडे यांची बोली अनेकदा अंगणातच लागते. तिथे कॅटलॉग नसतो. लाकूड सागवानी की शिसवी, कीड लागली आहे का, हे दिवसाउजेडी टॉर्च आणि टोच्याने तपासून घ्या, आणि वाहतुकीचा खर्च बोलीतून आधीच वजा करा.

कॅटलॉग कसा वाचायचा

प्रत्येक लॉटला, म्हणजे एका बोलीत विकल्या जाणाऱ्या नगाला किंवा गटाला, क्रमांक, वर्णन, वजन, अवस्था आणि अंदाजे किंमत असते. नाण्यांची अवस्था ‘फाईन’, ‘व्हेरी फाईन’, ‘एक्स्ट्रिमली फाईन’, ‘अनसर्क्युलेटेड’ अशा चढत्या क्रमाने देतात. त्यापुढे बारीक अक्षरात येतं ते महत्त्वाचं : ‘होल्ड’ म्हणजे भोक पाडलेलं, ‘माउंट रिमूव्ह्ड’ म्हणजे कडी काढलेलं, ‘क्लीन्ड’ म्हणजे घासलेलं, ‘टूल्ड’ म्हणजे कोरून अक्षर उठवलेलं. आपल्याकडे नाणी माळेत ओवायची पद्धत असल्याने पहिल्या दोन प्रकारांची नाणी खूप आहेत. ती स्वस्त मिळतात आणि सरावाला उत्तम, पण पुन्हा विकताना तीच सूट तुम्हालाही द्यावी लागते.

अटींचं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वस्तू खोटी निघाली तर किती दिवसांत परत घेतात, ते तिथेच असतं. जमलं तर लिलावाच्या आधीच्या पाहणीच्या दिवशी जाऊन वस्तू हातात घ्या. बेंगळुरूला रात्रीची गाडी आहे, मोठी बोली लावायची असेल तर तो खर्च वाचवू नका. जाता येत नसेल तर मेल करून काठाचे आणि मागच्या बाजूचे फोटो मागवा. चांगली संस्था ते देते.

आकडेमोड आणि बोली

शेवटच्या बोलीवर हातोडा पडतो तो आकडा म्हणजे तुमचा खर्च नव्हे. त्यावर खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे लिलाव संस्था घेणाऱ्याकडून आकारते ती टक्केवारी, लागतं, मग जीएसटी, मग पाठवणीचा आणि विम्याचा खर्च. समजा प्रीमियम १५ टक्के, कर ५ टक्के आणि कुरिअर ४०० रुपये आहे. २०,००० ला हातोडा पडला तर ३,००० प्रीमियम, २३,००० वर १,१५० कर आणि ४०० पाठवणी, म्हणजे २४,५५० रुपये. उलट, तुमच्या खिशात एकूण २०,००० च असतील तर बोली १६,००० वर थांबली पाहिजे. दर आणि कर कशावर लावायचा हे प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं, म्हणून हा हिशेब प्रत्येक लिलावाआधी नव्याने करा.

नोंदणीसाठी पॅन, आधार आणि काही ठिकाणी अनामत लागते. शेवटच्या दिवशी नोंदणी केली तर मंजुरी वेळेत मिळत नाही, आठवडाभर आधी करा. बोली हजर राहून, फोनवर, ऑनलाइन किंवा लेखी लावता येते. नवख्याने लेखी बोली लावावी असं मी सांगेन. कमाल आकडा कळवून मोकळं व्हायचं. संस्था तुमच्या वतीने पायरी-पायरीने बोलते आणि स्पर्धा कमी असेल तर तुमच्या आकड्याच्या खालीही वस्तू मिळते. ऑनलाइन बसलात तर आकडा कागदावर लिहून समोर ठेवा आणि त्यापलीकडे बोट नेऊ नका. काही लॉटना राखीव किंमत असते, ती गाठली नाही तर लॉट विकला जात नाही. अशा न विकलेल्या वस्तूंसाठी लिलावानंतर चौकशी करता येते, बरेचदा वाजवी दरात मिळून जातं.

पैसे बँकेतूनच द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे. बिलावर लॉट क्रमांक, वर्णन आणि लिलावाची तारीख आहे ना ते पाहा. ते बिल म्हणजे तुमच्या वस्तूच्या इतिहासातलं नवं पान आहे, वस्तूसोबत कायम ठेवा.

हे फोन उचलू नका

‘तुमच्याकडे ७८६ ची नोट आहे का, वैष्णोदेवीचं नाणं आहे का, लाखो रुपये देतो, आधी नोंदणी फी भरा’ असा फोन किंवा जाहिरात दिसली की तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही, त्यासाठी कुठलीही फी किंवा कमिशन घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. खरा लिलाव करणारा विक्रेत्याकडून आधी फी मागत नाही, कमिशन विक्रीच्या रकमेतून कापतो. तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं, म्हणजे ‘राइस पुलर’, यातही गावोगावचे लोक बुडाले आहेत. असं भांडं नसतं. ते ‘तपासायला’ येणारे शास्त्रज्ञ, सूट, सुटकेस हे सगळं नाटक असतं.

विकायचं असेल तर

पहिलं काम : काही घासू नका. पितांबरी, चिंच, लिंबू, ब्रश यांनी नाणं किंवा पदक चमकवलंत की वरचा जुना थर गेला, आणि तो पुन्हा येत नाही. त्याबरोबर किमतीतला मोठा वाटाही जातो. रोजच्या वापरातल्या समईची गोष्ट निराळी.

दुसरं काम घरातलं आहे, आणि वाद नेमके इथेच होतात. वडिलोपार्जित वस्तू एकट्याची नसते. भाऊ-बहिणींना, काकांना विचारा, लेखी संमती घ्या, पैशाची वाटणी आधी ठरवा. देवाचे टाक, कुळाचाराच्या वस्तू यांच्याबद्दल घरातल्या थोरल्यांशी बोलल्याशिवाय फोटोसुद्धा पाठवू नका. थोरल्यांना बसवून प्रत्येक वस्तूबद्दल जे आठवतं ते फोनवर ध्वनिमुद्रित करा : कोणी आणली, कुठून, कोणत्या प्रसंगी. ‘आजोबा शहापूरच्या सांगलीकरांच्या कचेरीत कारकून होते’ हे एक वाक्य कोर्ट फीच्या गाठोड्याचा भाव बदलू शकतं, पण ते सांगणारी आत्या आता नव्वदीच्या घरात असते.

मग पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे आणि काठाचे फोटो काढा. किमान दोन संस्थांना पाठवा. करारात या गोष्टी असाव्यात : विक्रेत्याचं कमिशन किती, राखीव किंमत किती, फोटो आणि विम्याचा खर्च कोणाचा, वस्तू विकली नाही तर कोणाच्या खर्चाने आणि किती दिवसांत परत, पैसे हातोड्यानंतर किती दिवसांत मिळणार. वस्तू देताना लॉटवार पावती आणि वजनाची नोंद घ्या. दागिने, चित्रं, शिल्पं, पुरातत्त्वीय संग्रह यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो, सीएला आधीच विचारा.

जपणूक

आपल्याकडचा पावसाळा जुन्या वस्तूंना घातक आहे, खानापूर-लोंढ्याकडे तर भिंतींनाही घाम फुटतो. नाणी साध्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवू नका. पीव्हीसीमधून सुटणारं रसायन तांब्यावर हिरवा चिकट थर आणतं. पुठ्ठ्याचे नाण्यांचे होल्डर किंवा आम्लरहित कागदी पाकिटं वापरा, डब्यात सिलिका जेल ठेवा. मोडी कागदांवर सेलोटेप कधीही लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. घडी उलगडून सपाट, आम्लरहित कागदात ठेवा, वाळवीसाठी पेटी भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून उंचावर. तसबीर ओल्या भिंतीला टेकवू नका, मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा.

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या आणि वहीत त्या क्रमांकापुढे वजन, मापं, कुठून आली, किती दिले, बिल कुठे ठेवलं, पुरातत्त्व खात्याची नोंद असेल तर तिचा क्रमांक, असं लिहा. वहीची एक प्रत घराबाहेर, भावाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा सगळं उघडून, वहीशी ताडून पाहा. सिलिका जेल गुलाबी झालं असेल तर ते उन्हात किंवा मंद आचेवर निळं होईपर्यंत सुकवून पुन्हा घाला.